घरातला विस्तव आणि भिंतीवरली ओल



आषाढ सरून श्रावण लागला की कोकणात आणि घाटमाथ्यावर घरोघर एक वास सुटतो. तुमच्या ओळखीचाच आहे तो. ट्रंक उघडावी तर आतल्या कपड्यांना तो वास, कपाट उघडावे तर पुस्तकांना तोच. कोपऱ्यात आठ दिवस पडून राहिलेल्या चपलांवर पांढुरकी लव उगवते. आपण तिला बुरशी म्हणतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, "पावसाळाच आहे, चालायचंच."

आज मला या 'चालायचंच'विषयी बोलायचे आहे. पाऊस आपल्या आजोबांच्या काळीही धो धो पडतच होता. मग त्यांच्या वेळी मातीच्या भिंती जिथे कोरड्या राहात, तिथे आपल्या पक्क्या भिंतींवर काळे ठिपके का उठतात? आपण वर बघतो, स्लॅब गळते की काय ते तपासतो. पण पुष्कळ घरांत या ओलीचे मूळ छपरात नसून खाली, स्वयंपाकघरात, विस्तवापाशी असते. घरात आपण कोणता विस्तव पेटवतो आणि त्याची वाफ कुठून बाहेर जाते, यावर ते अवलंबून आहे.

हे मी शाळेत शिकवीत होतो, पण मला ते कळले फजिती झाल्यावर. ती फजिती आधी सांगतो.

माझे घर सह्याद्रीच्या पायथ्याशी. जुने घर मातीच्या भिंतींचे, कौलारू. त्याच्या मागच्या अंगाला आम्ही एक खोली आणि स्वयंपाकघर नव्याने बांधले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटची स्लॅब, आतून गुळगुळीत ऑइलपेंट आणि खिडक्यांना घट्ट बसणारी तावदाने. चूल गेली, गॅस आला. डोळ्यांतले पाणी थांबले म्हणून घरच्या बायका खूश, आणि घर पक्के झाले म्हणून मी खूश.

त्याच पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अर्थातच नव्या खोलीत ठेवली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. कोपऱ्यात कोळशाची शेगडी. बाहेर झड लागलेली, ऊन नाही, म्हणून लंगोट, दुपटी, झबली सगळी खोलीतच दोरीवर. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर आणखी कपडे. शेजारच्या स्वयंपाकघरात गॅसवर सकाळ-संध्याकाळ न्हाणाच्या पाण्याची मोठाली पातेली, आणि मधले दार सताड उघडे. खोली ऊबदार झाली होती. आम्हांला वाटले, याहून चांगली व्यवस्था ती काय करायची!

आठव्या दिवशी बाजेमागची भिंत खालून हिरवट-काळी दिसू लागली. बाराव्या दिवशी स्लॅबला घाम फुटला आणि थेंब पाळण्यावर पडू लागले. मी गवंड्याला बोलावले. तो भर पावसात वर चढला, स्लॅबवर ताडपत्री पसरून दगड ठेवून खाली आला. दुसऱ्या दिवशी थेंब पुन्हा हजर. गवंडी म्हणाला, "मास्तर, स्लॅब गळत नाही हो. हे पाणी आतलंच आहे." मला ते पटले नाही. आतून पाणी कुठून येणार?

इकडे बाळाचा खोकला आठ दिवस हटेना. लेक सकाळी उठली की म्हणे, डोके जड आहे, मळमळते. आम्ही बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून काढे दिले. एके दिवशी पहाटे ती बाजेवरून उठली आणि तिथेच कोसळली. दार उघडून तिला पडवीत आणली, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत तिने डोळे उघडले. डॉक्टर आले, त्यांनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली आणि मगच नाडी पाहिली. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, ती एवढेच म्हणाली, "अरे, आमच्या वेळी शेगडी असायची, पण वर कौलं असायची." मग तिने लेकीला आणि बाळाला जुन्या माजघरात हलवले.

श्रोतेहो, आत्याच्या त्या एका वाक्यात शास्त्र आहे. ते आता जरा उलगडून पाहू.

हवेत पाण्याची वाफ मावते, हे आपण जाणतो. किती मावते, ते हवेच्या उष्णतेवर अवलंबून. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी डोळ्यांसमोर आणा. 24 अंश सेल्सिअसच्या हवेत त्या पेटीत जास्तीत जास्त सुमारे 22 ग्रॅम वाफ राहू शकते. तीच हवा 28 अंशांपर्यंत तापली तर सुमारे 27 ग्रॅम. हवा तापली की तिची तहान वाढते म्हणा ना! उलट ती निवली की जादा झालेले पाणी ती टाकून देते, आणि टाकते कुठे, तर जे सर्वांत गार असेल त्याच्यावर. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो तो असाच. आमच्या स्लॅबला आलेला घाम तोच. वर पाऊस कोसळत होता म्हणून स्लॅब गार पडली होती. खाली शेगडीने तापलेली हवा ओल्या लंगोटांचे आणि पातेल्यांचे पाणी पिऊन वर जात होती, आणि स्लॅबला टेकताच ते सोडून देत होती.

म्हणजे नुसती ऊब ओल घालवीत नाही. वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर ऊब त्या पाण्याला कपड्यांतून उचलते आणि भिंतीवर नेऊन ठेवते. बुरशीला दवाइतके पाणीही लागत नाही. भिंतीलगतच्या हवेचा ओलावा शेकडा 80 च्या वर काही दिवस टिकला की तिला पुरे होते. म्हणून ती आधी कुठे दिसते पहा. कपाटाच्या मागे, तसबिरीच्या मागे, बाहेरच्या दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, ट्रंकेच्या खाली. तिथे हवा हलत नाही आणि भिंत गारच राहते.

आता जुनी चूल पाहा. लाकूड जळले की त्यातूनही वाफ निघतेच, आणि ओले जळण असले तर पुष्कळ निघते. पण चुलीवरची तापलेली हवा धुरासकट वर चढे आणि कौलांच्या फटींतून निघून जाई. तिची जागा घ्यायला दाराखालून, खिडकीतून बाहेरची हवा आत येई. ही बाहेरची हवा पावसाळ्यात ओलीच असते. काही लोक सांगतात की खिडक्या उघडा म्हणजे घर सुकेल. जुलै महिन्यात नुसत्या खिडक्या उघडून कोकणातले घर सुकत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण तीच 24 अंशांची चिंब हवा चुलीपाशी येऊन 28 अंशांपर्यंत तापली, की तिच्यात आणखी पाच ग्रॅम पाण्याची जागा होते. ते पाणी ती भिंतीतून, माळ्यावरून, धान्यातून घेते आणि कौलांतून घेऊन जाते. ऊब आणि वाट ही दोन्ही कामे चूल एकाच वेळी करीत होती. म्हणून तर चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याची मक्याची कणसे टांगलेली असत, आमसुले आणि सुके मासे तिथेच ठेवलेले असत. वासे काजळीने काळे होत, पण त्यांना कीड लागत नसे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग पुन्हा चूलच मांडावी! तसे मी मुळीच म्हणत नाही. त्या धुराने आपल्या आया-बहिणींची फुप्फुसे आणि डोळे खाल्ले आहेत. तान्ह्या मुलांना न्यूमोनिया होण्याचे तो एक मोठे कारण आहे. चुलीचा धूर नळीवाटे घराबाहेर काढावा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1940 च्या दशकात मगन चूल तयार झाली ती याचसाठी. तिला धुराडे होते. ज्यांच्या घरी अजून लाकूडच जळते त्यांनी धुराड्याची चूल घालावी, धुराडे छपराच्या वर काढावे आणि काजळी वेळच्या वेळी झाडावी.

ज्यांच्याकडे गॅस आला त्यांचे काम वेगळे आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत गॅसच्या टाक्या पोहोचल्या. ही चांगलीच गोष्ट झाली. पण गॅसला धूर नाही म्हणजे त्यातून काहीच निघत नाही, असा आपला समज होतो. एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होते. आपली घरगुती टाकी 14.2 किलोची. ती संपेपर्यंत बावीस-तेवीस लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघरात आलेले असते. एक मोठी बादली काठोकाठ भरून सांडेल इतके! भाताची, डाळीची, अंघोळीच्या पाण्याची वाफ आणखी वेगळीच. ही सगळी वाफ पूर्वी धुराबरोबर जात होती. धूर दिसत होता, डोळ्यांना झोंबत होता, म्हणून त्याला वाट ठेवणे भाग होते. वाफ डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून तिची वाट आपण बुजवून टाकली.

रॉकेलच्या स्टोव्हचेही तेच. एक लिटर रॉकेल जळले की साधारण एक लिटर पाणी होते. विजेचा हीटर हवेत पाणी घालीत नाही, पण असलेले पाणी बाहेरही नेत नाही.

कोळशाच्या शेगडीची गोष्ट निराळी आणि अधिक भयंकर आहे. कोळशात पाणी होण्याजोगे फारसे काही उरलेले नसते, म्हणून तिची ऊब कोरडी वाटते, आणि म्हणूनच बाळंतिणीच्या खोलीत ती इतकी वर्षे मानाने बसली. परंतु निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोके दुखते, मग मळमळते, मग माणूस झोपेतच जातो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत सापडली, अशी बातमी आपण वाचतोच. आमच्या घरी ती बातमी व्हायची थोडक्यात टळली. बंद खोलीत शेगडी नको, मग बाळंतीण असो की पाहुणा असो. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि शेक झाला की शेगडी उचलून अंगणात न्यावी. वारा लागेल ही भीती असली तर बाळ-बाळंतिणीला पांघरूण घाला, खोलीला घालू नका.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना इंग्लंडची हकीगत उपयोगी पडेल. तिथे घरोघर दगडी कोळशाची उघडी शेकोटी असे आणि तिच्यावर उंच धुराडे. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर 1956 साली धुराविरुद्ध कायदा झाला. हळूहळू शेकोट्या गेल्या, धुराडी बुजवली गेली, खिडक्यांच्या फटी बंद झाल्या. शहरातली हवा सुधारली. पण शेकोटी जी ओलसर हवा धुराड्यातून ओढून नेत होती, ती आता आतच राहू लागली, आणि गार भिंतींवर काळी बुरशी धरू लागली. हा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही. रॉचडेल गावी भाड्याच्या घरात राहणारा दोन वर्षांचा एक मुलगा 2020 च्या डिसेंबरात मरण पावला. घरातल्या बुरशीचा दीर्घकाळ संसर्ग झाल्याने त्याची श्वसनयंत्रणा निकामी झाली, असा निर्णय तिथल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी 2022 साली दिला, आणि पुढे त्यावरून घरमालक संस्थांवर बंधन घालणारा कायदा झाला. आपल्या ओळखीची मुले-माणसे तिकडे राहतात. खोली बंद करून हीटरवर कपडे वाळत घालण्याची सवय तिकडेही असते. पत्र लिहिताना, फोन करताना त्यांनाही हे जरूर सांगा.

आपल्याकडे ओलीचा आणखी एक धोका आहे, तो पोटाचा. 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी खेड्यांत काविळीसारखा आजार पसरला. शंभरावर माणसे दगावली. कारण होते बुरशी धरलेला मका. अवेळी पावसाने भिजलेली कणसे नीट न वाळवता घरात साठवलेली होती, त्यांवर बुरशी वाढली आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार झाले. ते विष भाजल्याने वा शिजवल्याने पुरते जात नाही. मका आणि भुईमूग यांना या बुरशीची विशेष बाधा होते. म्हणून चुलीवरचा माळा गेला असेल तर धान्याची नवी जागा विचारपूर्वक ठरवा. पक्क्या भिंतीला टेकून, फरशीवर पोती रचू नका. खाली फळ्या घाला, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. बुरशी धरलेला, कडवट झालेला शेंगदाणा पोरांना 'भाजून' देऊ नका.

आता घरात करायचे काय? आधी ओल कुठली ते ओळखा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या, कोरड्या फडक्याने पुसलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. तुकड्याच्या आपल्या बाजूला थेंब दिसले तर ते घरातल्या हवेचे पाणी. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंतीतून पाणी झिरपते आहे, मग गवंड्याला बोलवा. हा प्रयोग शाळेच्या भिंतीवर मुलांकडून करवून घ्या. थंड तांब्याचा प्रयोग त्याच दिवशी दाखवा म्हणजे दोन्हींची सांगड मुलेच घालतील.

घरातल्या हवेचे पाणी असेल तर वाफेला वर वाट द्या. स्वयंपाकघरात छताच्या लगत, जितके उंच जमेल तितके, एक झरोका हवा, आणि त्याच्या समोरच्या बाजूला खाली हवा आत यायला जागा हवी. एकच भोक असून भागत नाही. वीज असेल तर झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि स्वयंपाक संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटे तो चालू ठेवा. पातेल्यांवर झाकणे ठेवा, गॅसही वाचेल. न्हाणीचे पाणी तापवायला परसातला बंब उत्तम, त्याची वाफ घरात येतच नाही.

कपडे निजायच्या खोलीत वाळवू नका. आधीच तिथे माणसे श्वास टाकीत असतात. पिळलेल्या कपड्यांच्या एका बादलीत दोन-तीन लिटर पाणी सहज असते, आणि ते सगळे त्या खोलीच्या हवेतच जाणार. पडवीत वाळवा. तिथे जमत नसेल तर स्वयंपाक आटोपल्यावर झरोक्याच्या खोलीत दोरी बांधा आणि मधले दार लावून घ्या. आमच्याकडे ते मधले दार उघडे होते, हीच मोठी चूक झाली.

बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट हातभर पुढे ओढा. नवा रंग देताना आतून चुन्याचा विचार करा. चुन्याच्या खारेपणात बुरशी सहसा धरत नाही आणि भिंतीला श्वास राहतो. ऑइलपेंट धुता येतो हे खरे, पण त्यावर पाणी नुसते ओघळत राहते. शाळांतून पुस्तकांच्या कपाटात पूर्वी 40 वॅटचा पिवळा दिवा जळत ठेवीत. त्याच्या उबेने पुस्तके कोरडी राहात. आता एलईडी दिवे आले, ते फारसे तापत नाहीत, म्हणून नुसता दिवा बदलून ती ऊब मिळणार नाही. डांबरगोळ्यांनी कसर जाते, बुरशी जात नाही. पुस्तके पाऊस उघडल्यावर काढून, उभी करून, पाने मोकळी करून सावलीच्या वाऱ्यात ठेवावी.

जी बुरशी आली आहे ती कोरड्या केरसुणीने झाडू नका. तिचे बारीक बी हवेत उडते आणि नाकात जाते. नाकातोंडाला फडके बांधा, साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसा, ते फडके फेकून द्या आणि जागा कोरडी करा. दमेकरी माणसाला आणि लहान मुलाला तेवढा वेळ दुसऱ्या घरी पाठवा.

आमच्या स्वयंपाकघराचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. गवंड्याला पुन्हा बोलावले आणि स्लॅबखालचे दोन चिरे काढायला सांगितले. तो कुरकुरला. म्हणाला, "एवढी पक्की भिंत, मास्तर, आता भोक कशाला पाडता?" आत्याने त्याला चहा दिला आणि भोक पाडून घेतले. समोरच्या दाराखाली दोन बोटे फट ठेवली. पुढच्या पावसाळ्यात स्लॅबला घाम आला नाही. बाजेमागची भिंत खरवडून तिला चुना दिला. कोपऱ्यात कपाटामागे अजून थोडे काळे उठते, ते दर पंधरवड्याला पुसावे लागते. झरोक्याला जाळी लावली आहे, नाहीतर पाखरे घरटे करतात आणि वाट पुन्हा बुजते. जाळी फार बारीक घेऊ नका. स्वयंपाकघराचे तेलकट किटण तिच्यावर बसते आणि दोन महिन्यांत ती भिंतीसारखी बंद होते. दर महिन्याला ती काढून गरम पाण्याने घासा.